हरवलेला खर्ज

टेम्पटेशन्स या अमेरिकी गायकचमूचे ‘माय गर्ल’ हे गाणे सुरू होते, तेव्हा पहिल्या काही क्षणांत एकच वाद्य ऐकू येते. खालच्या सप्तकातले मोजके स्वर, मध्ये थोडी विश्रांती, पुन्हा तेच स्वर. मग गिटारची पायरी-पायरीने चढत जाणारी सुरावट येते, चुटक्या वाजू लागतात आणि गायकाचा आवाज उमटतो. १९६४च्या अखेरीस प्रसिद्ध झालेले हे गाणे पुढच्या मार्चमध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. गेली साठ वर्षे ते जगभर वाजते आहे. गाणारा डेव्हिड रफिन, रचणारे स्मोकी रॉबिन्सन आणि रोनाल्ड व्हाइट, ही नावे रसिकांना ठाऊक झाली. गाण्याचे दार उघडून देणारे ते पहिले स्वर कोणी वाजवले, हे मात्र तबकडीवर कुठेच छापलेले नव्हते.

ते वाजवणाऱ्याचे नाव जेम्स जेमर्सन. बेसगिटार या वाद्याची गेल्या शतकातील कहाणी जेमर्सनच्या आधीची आणि जेमर्सननंतरची अशी दोन भागांत सांगावी लागते. आज जगभरातील वादक त्याचा एकेक स्वर लिहून काढतात, घोटतात आणि त्यावर वाद घालतात. तो हयात असताना मात्र त्याची ध्वनिमुद्रणे हरवलेलीच होती, आणि हे हरवणेही मोठे विलक्षण होते. जुन्या वादकांच्या फिती एखाद्या अडगळीच्या खोलीत सापडतात, त्यातली ही गोष्ट नाही. जेमर्सनचे वादन घरोघरी, मोटारीच्या रेडिओवर, नाचाच्या दिवाणखान्यांत अहोरात्र ऐकले जात होते. त्यात तो आहे, एवढेच कोणाला माहीत नव्हते.

दक्षिण कॅरोलायना राज्यात चार्ल्सटन शहराजवळ समुद्रकाठी एडिस्टो नावाचे बेट आहे. एके काळी तेथे कापसाचे मोठाले मळे होते आणि त्यांत गुलामांचा घाम गाळला जाई. त्या गुलामांचे वंशज तेथेच राहिले. अशा वस्तीत २९ जानेवारी १९३६ रोजी जेमर्सनचा जन्म झाला. त्याच्या लहानपणाची एक गोष्ट सांगितली जाते. जमिनीत काठी रोवायची, तिला रबर ताणून बांधायचे, ते छेडायचे आणि जवळच्या वारुळातल्या मुंग्या त्या आवाजावर नाचतात का ते पाहत बसायचे, हा त्याचा खेळ होता. गोष्टीत थोडे तिखटमीठ असेलही; पण एकाच तारेतून कोणाला तरी नाचायला लावण्याचा हा उद्योग त्याने पुढे आयुष्यभर केला, हे खरे.

त्या काळात दक्षिणेतील लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबे कामाच्या शोधात उत्तरेकडच्या कारखान्यांच्या शहरांत जात होती. १९५४ मध्ये जेमर्सनही आईकडे डेट्रॉइटला आला. मोटारींच्या या शहरात शाळांमध्ये संगीताचे शिक्षण चांगले मिळे. नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये त्याने डबल बेस हाती घेतला. माणसाच्या उंचीहून मोठे, उभे धरून बोटांनी छेडायचे हे वाद्य. शाळकरी वयातच तो शहरातल्या जॅझ आणि ब्लूजच्या बैठकांत वाजवू लागला. जॅझने त्याला स्वरांच्या वाटा शिकवल्या, ब्लूजने ठेक्याचे वजन शिकवले. जॉन ली हुकर या थोर ब्लूजगायकाच्या ‘बूम बूम’ या १९६२च्या गाण्यात बेस जेमर्सनचाच आहे.

बेरी गॉर्डी हा पूर्वीचा मुष्टियोद्धा. काही काळ त्याने मोटारींच्या कारखान्यात काम केले, मग गाणी लिहिली. जानेवारी १९५९ मध्ये कुटुंबाच्या सामाईक निधीतून ८०० डॉलरचे कर्ज काढून त्याने ध्वनिमुद्रणाची कंपनी सुरू केली. तीच पुढे मोटाऊन म्हणून जगाला माहीत झाली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील २६४८ क्रमांकाचे एक साधे दुमजली घर त्याने घेतले, त्यावर ‘हिट्सव्हिल’ अशी पाटी लावली आणि मागच्या बाजूला ध्वनिमुद्रणाची खोली केली. वादक त्या कोंदट, तारांचा गुंता लोंबणाऱ्या खोलीला सापांचा खड्डा म्हणत. कारखान्यातील जुळणीच्या पट्ट्यावर जशी मोटार एका हातातून दुसऱ्या हातात जात तयार होते, तशी येथे गाणी तयार होत. एक गट गाणे लिही, दुसरा वाद्यमेळ वाजवी, तिसरा गाई, मग सारे मिळून गाणे बाजारात पाठवायचे की नाही ते ठरवीत.

या पट्ट्यावरचा वाद्यमेळाचा टप्पा जवळजवळ कायम एकाच चमूकडे असे. जो हंटर हा त्यांचा पहिला म्होरक्या. त्याच्यानंतर ती जबाबदारी पियानोवादक अर्ल व्हॅन डाइककडे आली. ड्रमवर बेनी बेंजामिन, पुढे त्याच्या जोडीला युरिएल जोन्स आणि रिचर्ड ॲलन. गिटारवर रॉबर्ट व्हाइट, एडी विलिस आणि जो मेसिना. खंजिरीवर जॅक ॲशफर्ड. बेसवर जेमर्सन. ही मंडळी स्वतःला फंक ब्रदर्स म्हणवीत. ‘फंक’ या शब्दाला त्या काळी घामट, उग्र वासाची छटा होती आणि गॉर्डीला ती नको होती. म्हणून १९६५ मध्ये त्यांच्या नावाने एक वाद्यसंगीताची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर ‘सोल ब्रदर्स’ असे सोज्वळ नाव छापले गेले. त्या तबकडीतही बऱ्याच ठिकाणी गाजलेल्या गाण्यांचे आधीच मुद्रित झालेले वाद्यमेळ वापरून त्यावर व्हॅन डाइकला सुरावट वाजवायला लावली होती. एवढ्या ताकदीच्या चमूला स्वतःचे म्हणून काही वाजवण्याची संधी मिळाली तीही अशी उष्टी.

१९६०च्या दशकाच्या आरंभी जेमर्सनने डबल बेस बाजूला ठेवून विजेवर चालणारी बेसगिटार घेतली. हे वाद्य बाजारात येऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती आणि जॅझची मंडळी त्याकडे तुच्छतेनेच पाहत. १९६२ साली तयार झालेली त्याची फेंडर प्रिसिजन पुढे ‘फंक मशीन’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्या तारा पट्टीपासून इतक्या उंच होत्या की दुसऱ्या कोणाला ती वाजवणे जड जाई. तारा त्याने बदलल्याच नाहीत. जुन्या, मळलेल्या तारांतूनच हवा तो नाद येतो, अशी त्याची श्रद्धा होती. डबल बेसवर लागलेली सवय त्याने सोडली नाही; उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने तो सगळे वाजवी. सहकारी त्या बोटाला आकडा म्हणत.

त्याने नेमके काय बदलले? तोपर्यंत लोकप्रिय गाण्यातल्या बेसवादकाचे काम साधारण तंबोऱ्याच्या खर्जाचे आणि ठेक्याचे मिळून असे. ज्या स्वरसंघातावर गाणे थांबले असेल, त्याचा मूळ स्वर मात्रेबरहुकूम धरून ठेवायचा. त्याने हलायचे नाही, बोलायचे नाही. जेमर्सनने खर्जाला बोलते केले. तो मूळ स्वराऐवजी भलत्याच स्वरावर उतरे आणि त्यामुळे वरच्या सुरावटीचा रंगच पालटून जाई. दोन स्वरांमधले अंतर तो मधल्या कोमल-तीव्र स्वरांनी भरून काढी. समेच्या किंचित आधी येऊन किंवा मात्रा रिकामी सोडून तो ऐकणाऱ्याला झुलवत ठेवी. आणि हे करताना गायकाच्या वाटेत तो कधी येत नसे. फोर टॉप्सचे ‘बर्नडेट’, स्टीव्ही वंडरचे ‘फॉर वन्स इन माय लाइफ’, मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांचे ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’ ही गाणी केवळ खर्जाकडे कान देऊन ऐकावीत. गाण्याच्या तळाशी दुसरे एक गाणे चालू आहे, हे लक्षात आल्यावर ते पुन्हा पूर्वीसारखे ऐकता येत नाही.

बिलबोर्डच्या यादीत पहिला क्रमांक मिळवलेल्या वीसहून अधिक गाण्यांत त्याचा बेस आहे. अटलांटिकपलीकडे लिव्हरपूलचा पॉल मॅकार्टनी आपल्या वादनावरील मोठा प्रभाव म्हणून पुढे त्याचे नाव घेऊ लागला. परंतु बीटल्स ऐन भरात असताना या इंग्रज तरुणांनाही आपण कोणाचे वादन ऐकतो आहोत ते ठाऊक नव्हते.

येथे मोटाऊनची बाजूही पाहिली पाहिजे. त्या काळी लॉस एंजेलिस असो वा अलाबामा, साथीच्या वादकांची नावे छापण्याची रीत जवळपास कुठेच नव्हती. शिवाय नाव छापले की प्रतिस्पर्धी कंपन्या वादक पळवतील, ही भीती गॉर्डीला होती. वादक उपाशी होते, असेही नाही. सुरुवातीला गाण्यामागे हातावर टेकवलेल्या किरकोळ रकमांवर काम चाले. पण १९६८च्या सुमारास जेमर्सनला आठवड्याला १,००० डॉलर मिळत होते, आणि त्या काळात ही रक्कम लहान नव्हती. गॉर्डीने पुढे आत्मचरित्रात जेमर्सन आणि बेंजामिन यांच्याविषयी मोकळेपणाने लिहिले. या दोघांपैकी कोणी नसेल तर ध्वनिमुद्रण करायला आपण राजी नसू, असे त्याने कबूल केले. कबुली मनापासूनची असेल, पण ती आली तेव्हा दोघेही या जगात नव्हते.

वादकांनी बाहेर वाजवू नये, असा कंपनीचा दंडक होता आणि तो मोडण्यात त्यांना भलताच रस होता. रात्री उशिरा ते शहरातल्या दुसऱ्या स्टुडिओंत जात. १९६५ मधले एडविन स्टारचे ‘एजंट डबल-ओ सोल’ आणि १९६६ मधले कॅपिटॉल्सचे ‘कूल जर्क’ या गाण्यांवर मोटाऊनची मुद्रा नाही, वादन मात्र मोटाऊनच्या वादकांचे आहे. १९६७ मध्ये जेमर्सन आणि त्याचे काही साथीदार शिकागोला गेले आणि जॅकी विल्सनच्या ‘हायर अँड हायर’ला त्यांनी साथ केली. ही चोरवाट उघडकीस आली की दंड होई. वादकांचे नाव तबकडीवर नसले तरी त्यांचा हात लपत नव्हता. कंपनीला तो ऐकताक्षणी ओळखू येई आणि दंडाची चिठ्ठी निघे. एरवी ज्यांच्या नावाची कोणी दखल घेतली नाही, त्यांच्या वादनाची ही एवढी एक पावती.

१९६९ मध्ये बेनी बेंजामिन गेला. ड्रम आणि बेस यांचे नाते संसारासारखे असते. जेमर्सनचा तोल यानंतर अधिकच ढळला, असे त्याचे सहकारी सांगत. दारू आधीपासून होतीच.

तरीही त्याचे सर्वांत गाजलेले वादन यानंतरचे आहे. १९७० मध्ये मार्विन गे ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हे गाणे मुद्रित करत होता. व्हिएतनामचे युद्ध, रस्त्यावरचा हिंसाचार, घराघरांतले दुःख यांचे हे गाणे गॉर्डीला मुळीच पसंत नव्हते. गेला बेसवर जेमर्सनच हवा होता. त्याने त्याला कुठल्याशा गुत्त्यातून शोधून आणले, जेमर्सनला खुर्चीवर धड बसवत नव्हते आणि त्याने जमिनीवर पाठ टेकून सारे वाजवले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेतून नशेत न्हालेल्या प्रतिभेचे एक चित्र उभे राहते आणि ते चित्र लोकांना आवडते. त्यामुळे दुसरी गोष्ट विसरली जाते. संयोजक डेव्हिड व्हॅन डी पिट याने बेसचा भाग कागदावर लिहून दिला होता आणि जेमर्सन समोरची स्वरलिपी वाचत होता. तो उत्तम वाचणारा, रीतसर शिकलेला वादक होता. त्या रात्री घरी परतल्यावर आज एक अलौकिक गाणे झाले, असे त्याने पत्नीला सांगितले. १९७१ मध्ये त्याच नावाची तबकडी निघाली आणि मोटाऊनच्या वेष्टनावर प्रथमच वादकांची नावे छापली गेली. जेमर्सनच्या नावाआधी अतुलनीय असे विशेषण होते. मोटाऊनमध्ये शिरल्यानंतर बारा वर्षांनी तो प्रथम छापील अक्षरांत दिसला.

हा मान फार दिवस टिकायचा नव्हता. १९७२ मध्ये मोटाऊनने बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलवले. डेट्रॉइटच्या वादकांना कोणी बोलावून सांगितले नाही. ते नेहमीसारखे कामाला आले तेव्हा स्टुडिओच्या दारावर सूचना लावलेली होती, असे त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे सांगितले. जेमर्सन कंपनीच्या मागोमाग पश्चिमेला गेला. तेथे त्याला काम मिळाले नाही असे नव्हे. सिल्व्हर्स या चमूच्या १९७६ मधल्या ‘बूगी फीव्हर’मध्ये त्याचाच बेस आहे. पण काळ पालटला होता. नव्या निर्मात्यांना अंगठ्याने तार आपटून काढलेला खणखणीत नाद हवा होता, नव्या कोऱ्या तारा हव्या होत्या, आणि दिलेला तुकडा तसाच्या तसा वाजवणारा माणूस हवा होता. जेमर्सन ना तारा बदलायला तयार होता, ना हात. व्यसन वाढले, ठरलेल्या वेळा चुकू लागल्या आणि दूरध्वनी येणे बंद झाले.

२५ मार्च १९८३ रोजी पॅसाडेनाच्या सभागृहात मोटाऊनच्या पंचविशीचा भव्य सोहळा झाला. मायकल जॅक्सनने मागे सरकत चालण्याची आपली ती प्रसिद्ध करामत त्याच रात्री पहिल्यांदा दाखवली. कंपनीचे बहुतेक सारे तारे मंचावर होते. जेमर्सनला निमंत्रण नव्हते. तो तिकीट मिळवून गेला आणि वरच्या सज्ज्यात बसून त्याने सोहळा पाहिला.

त्यानंतर चारच महिन्यांनी, २ ऑगस्ट १९८३ रोजी, यकृताच्या जुनाट विकाराने खंगलेला जेमर्सन वयाच्या ४७व्या वर्षी गेला. त्याच्या आधी काही दिवसच ‘फंक मशीन’ चोरीला गेली होती. ती पुन्हा त्याच्या हाती आली नाही. डेट्रॉइटच्या वुडलॉन दफनभूमीत त्याला निरोप देण्यात आला.

शोध सुरू झाला तो यानंतर. ॲलन स्लट्स्की हा फिलाडेल्फियाचा गिटारवादक इतरांची गाणी ऐकून स्वरलिपीत उतरवण्याचे काम करी. तो जेमर्सनच्या पत्नीला भेटला, जुन्या सहकाऱ्यांना गाठले आणि एकेका गाण्यातला बेस कानाने वेचून कागदावर मांडला. १९८९ मध्ये ‘स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाऊन’ हे चरित्र प्रसिद्ध झाले. त्यात जीवनकथेबरोबर जेमर्सनचे वादनही स्वरलिपीत होते आणि सोबतच्या फितींवर नामवंत बेसवादकांनी ते वाजवून दाखवले होते. हे काम वाटते त्याहून अवघड होते. कोणत्या गाण्यात कोणी वाजवले याच्या पूर्ण नोंदी कोणी ठेवल्याच नव्हत्या. त्यामुळे काही गाण्यांवर लॉस एंजेलिसच्या एका नामवंत वादिकेनेही हक्क सांगितला. जुन्या सहकाऱ्यांनी तो मानला नाही. नाव न छापण्याची किंमत अशी वीस-तीस वर्षांनी चुकवावी लागते. मग पुरावा उरतो तो कानाचा.

स्लट्स्कीने सांगितलेला रॉबर्ट व्हाइटचा प्रसंग चटका लावणारा आहे. ‘माय गर्ल’मधली ती चढती गिटार व्हाइटची. लॉस एंजेलिसच्या एका उपाहारगृहात दोघे बसले असता तेच गाणे लागले. जेवणाचे विचारायला आलेल्या वाढप्याला, हे मी वाजवले आहे, असे सांगण्यासाठी व्हाइटने तोंड उघडले आणि शब्द गिळून त्याने मुकाट्याने जेवण मागवले. हा म्हातारा काहीतरीच बरळतो आहे, असे त्या पोराला वाटेल, ही त्याची धास्ती. व्हाइट १९९४ मध्ये गेला. अर्ल व्हॅन डाइक त्याच्या दोन वर्षे आधीच गेला होता.

जेमर्सनचे वादन खऱ्या अर्थाने हाती लागले ते मूळ फितींमुळे. सुरुवातीच्या काळात मोटाऊनमध्ये तीनच पट्ट्यांवर मुद्रण होई. तेथे सारा वाद्यमेळ एकमेकांत मिसळलेला असे आणि तो वेगळा काढणे अशक्य होते. १९६० च्या दशकाच्या मध्यास आठ पट्ट्यांचे यंत्र आले आणि बेसला स्वतंत्र पट्टी मिळाली. शिवाय बेसगिटारची तार थेट मुद्रणयंत्राला जोडण्याची तेथे पद्धत होती, त्यामुळे त्या पट्टीवर खोलीतला दुसरा आवाज फारसा शिरला नाही. बाजारात जाणारे गाणे मात्र मोटारीच्या रेडिओच्या लहानशा कर्ण्यातून कसे ऐकू येईल हे पाहून तयार होई, आणि त्या कर्ण्यात खर्जाला जागाच नव्हती. गेल्या काही वर्षांत या फितींमधील सुट्या पट्ट्या बाहेर आल्या आणि बेसवादक एकटा जेमर्सन ऐकू लागले. आजूबाजूला गायक नाही, व्हायोलिन नाहीत, खंजिरी नाही. तारेवर बोट घासल्याचा आवाज, पट्टीवर तार किंचित थरथरल्याची खरखर, एखादा स्वर मध्येच गिळून टाकलेला, हे सारे साठच्या दशकापासून फितीत बंद होते.

२००० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीच्या वादकांसाठी वेगळा सन्मान सुरू केला, तेव्हा पहिल्याच यादीत जेमर्सन होता. २००२ मध्ये स्लट्स्कीच्या पुस्तकावरून पॉल जस्टमनने माहितीपट केला आणि दोन ग्रॅमी त्याच्या वाट्याला आले. त्यासाठी पैसे उभे करण्यात दशकाहून अधिक काळ गेला होता, आणि तेवढ्या काळात चमूतली माणसे एकेक करून कमी होत गेली. ड्रमवादक रिचर्ड ॲलन चित्रीकरणात वाजवून गेला, पडद्यावर स्वतःला पाहायला उरला नाही. जे राहिले होते ते डेट्रॉइटला पुन्हा एकत्र आले. मंचावर वाद्ये मांडली गेली आणि दिवंगत साथीदारांच्या तसबिरी आणून ठेवण्यात आल्या. बेस बॉब बॅबिटकडे होता. जेमर्सनच्या उतरत्या काळात मोटाऊनने त्याच्या जागी हाच वादक बोलावायला सुरुवात केली होती. त्याने जेमर्सनचे स्वर वाजवले.